पेटीतला हात

फोटोवाला मनानं वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे ऐकताना तुम्हाला त्याचा राग येणार आहे. सांगणाऱ्यालाही येतो, आणि तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बाजाराच्या रस्त्यावर, टोप्यांच्या दुकानाच्या माडीवर त्याचा स्टुडिओ होता. काचेचं छप्पर, मागे रंगवलेला तळ्याचा पडदा, आणि पुढे एक खुर्ची, जिच्यावर बसलं की भलाभला माणूस गंभीर होऊन ताठ व्हायचा. नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं. रोज उठून काहीतरी नवल कानावर यायचं. कुठे म्हणे तारेशिवायच तार जाते, कुठे म्हणे माणूस यंत्रात बसून हवेत उडतो. लोक चार दिवस "छे, निव्वळ थापा!" म्हणायचे आणि पाचव्या दिवशी तेच लोक ती वस्तू बघायला रांगेत उभे असायचे. अशातच तिथल्या मोठ्या इस्पितळात एक यंत्र आलं. जिवंत माणसाच्या आतल्या हाडांचा फोटो काढणारं.

यंत्र आलं खरं, पण ते चालवणार कोण? थोरल्या डॉक्टरांनी हौसेनं एका गवंड्याच्या मोडक्या पायाचा फोटो काढला आणि स्वतःच काच औषधात धुतली, कारण त्या काळी फोटो काचेवर उमटायचा. काचेवर पाय सोडून सगळं उमटलं होतं, डॉक्टरांचा अंगठासुद्धा. मग झक मारत त्यांनी फोटोवाल्याला बोलावणं धाडलं.

"अंधाऱ्या खोलीतलं काम तुम्हाला येतं," ते म्हणाले. "बाकीचं मी शिकवतो."

बाकीचं त्यांनाही येत नव्हतं, पण ते कबूल कोण करतो! दोघं मिळून शिकले, आणि फोटोवाला इस्पितळाच्या नोकरीला लागला.

त्या यंत्राचा सगळा जीव एका काचेच्या नळीत. नळी म्हणायची, पण मधे चांगली डोक्याएवढी फुगलेली. वीज सोडली की ती हिरवट उजळायची आणि तिच्यातून ते न दिसणारे किरण निघायचे. पण नळी महा लहरी. आज किरण इतके दुबळे की मांसातूनही पार होत नाहीत, उद्या इतके जोरदार की हाडांतूनसुद्धा आरपार, आणि काचेवर नुसता करडा गोंधळ. म्हणून रोज सकाळी, पहिला रोगी आत घ्यायच्या आधी, नळीचा नूर बघावा लागायचा. बघायची रीत सगळीकडे एकच. खोलीत अंधार करायचा, किरण पडले की चमकणारा एक पडदा समोर धरायचा, आणि नळी व पडदा यांच्या मधे हात घालायचा. हाडं काळी आणि भोवतीचं मांस फिकट दिसलं म्हणजे नळी ताळ्यावर आहे. नसली तर स्पिरिटच्या दिव्यावर तिची शेपटी, म्हणजे मागची बारीक कांडी, जरा शेकायची, पुन्हा हात घालायचा, पुन्हा बघायचं. कधी पाच मिनिटं, कधी दहा. चांगले नावाजलेले लोक हेच करत होते, मग फोटोवाल्यानं वेगळं काय करायचं!

सहा महिन्यांत त्याच्या दोन्ही हातांची कातडी लाल होऊन खाजायला लागली.

"काचा धुण्याच्या औषधांनी झालंय," थोरले डॉक्टर म्हणाले. "हातांना जरा विश्रांती द्या."

त्याला ते पटलं. न पटायला काही कारणच नव्हतं. औषधं उग्र होती, आणि दिवसभर हात त्यातच असायचे.

आता चिंगीबद्दल सांगायला हवं. चिंगी म्हणजे त्याची धाकटी बहीण, चौदा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिला न्हाऊमाखू घालण्यापासून गणितं शिकवण्यापर्यंत सगळं त्यानं केलेलं. चिंगी त्याच इस्पितळाच्या शिवणखोलीत होती. रोग्यांचे सदरे, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे पांढरे कोट, सगळं तिथेच शिवलं जायचं, आणि कोटांची काजं चिंगीच करायची. शिवणखोलीवरची मुख्य बाई कशालाच बरं म्हणायची नाही, पण चिंगीनं केलेलं काज दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघायची आणि म्हणायची, "कापड फाटेल, पण हे उसवायचं नाही." ते ऐकून चिंगीला मूठभर मांस चढायचं. तोंडानंही ती तेवढीच तरबेज होती.

भावाचे सोललेले हात बघून तीच म्हणाली, "माझा हात घे की दादा. दहा मिनिटांनी काय माझा हात झिजणार आहे?"

तो दोनदा "नको" म्हणाला. तिसऱ्यांदा "बरं" म्हणाला.

तेव्हापासून रोज सकाळी चिंगी शिवणखोलीत जायच्या आधी त्या अंधाऱ्या खोलीत यायची, उजवा हात पडद्यामागे धरायची आणि भावाची टर उडवायची. बोटात शिवताना घालायचं पत्र्याचं अंगुस्तान तसंच असायचं, तेही पडद्यावर काळ्या टोपीसारखं दिसायचं. "बघ, माझ्या बोटानं टोपी घातलीय. तुझ्या खालच्या दुकानातली आहे का?" फोटोवाला हसायचा. इस्पितळाला भेट द्यायला बडी मंडळी आली की त्यांनाही तिचाच हात दाखवायचा. एरवी ताठ मानेनं फिरणारी ती माणसं अंधारात "अगं बाई!" "अरे बाप रे!" करायची आणि फोटोवाल्याची छाती फुगायची. आमच्या चिंगीचा हात, म्हणून मुद्दाम सांगायचा.

असं वर्ष गेलं. मग जुनी नळी फुटली, नवी मागवली, आणि नळीच्या खोक्यात कारखान्यानं एक चपटी लाकडी पेटी पाठवली.

पेटीत एक हात होता. खऱ्या माणसाच्या हाताची वाळलेली हाडं, तारेनं ओवून फळीवर बसवलेली, वर मांसाच्या जागी मेणासारखा लेप, धरायला लाकडी मूठ. सोबत एक छापील कागद. त्यात लिहिलं होतं, नळी तपासायला कोणीही आपला किंवा दुसऱ्याचा जिवंत हात वापरू नये. किरणांनी कातडीला भाजल्यासारखी इजा होते, ती फार उशिरा दिसते आणि बरी होत नाही, असं ठिकठिकाणी आढळलं आहे. यापुढे या पेटीतला हात वापरावा.

फोटोवाल्यानं कागद दोनदा वाचला. आपल्या लाल हातांकडे बघितलं. तेवढ्यात बाहेर चिंगीच्या चपला वाजल्या, आणि त्यानं काय करावं? पेटीचं झाकण लावलं आणि पेटी कपाटात सारली.

का? अहो, हेच तो पुढे जन्मभर स्वतःला विचारत राहिला. पेटी बाहेर काढली असती तर चिंगीनं विचारलं असतं, हे कशाला? मग सांगावं लागलं असतं की तुझा हात भाजतोय म्हणून. आणि मग ती म्हणाली असती, मग वर्षभर काय केलंस? तिच्या नजरेत तो देव होता. त्या एका प्रश्नाची त्याला इतकी लाज वाटली की, आजचा दिवस जाऊ दे, उद्या नीट शब्द जुळवून सांगू, असं त्यानं ठरवलं. उद्याही तेच ठरवलं. थोरले डॉक्टर खोक्याकडे फिरकलेही नव्हते, आणि त्यांना दाखवलं तर ते चिंगीला सांगतील म्हणून यानं दाखवलंही नाही. एक दिवस तो कागद त्यानं शेगडीत घातला.

उद्या-उद्या करत अकरा महिने गेले. आणि या अकरा महिन्यांत रोज सकाळी चिंगी येत होती आणि हा माणूस, सगळं माहीत असून, तिला म्हणत होता, "हं, धर."

तिसऱ्या महिन्यात तिची नखं काळपट होऊन चिरायला लागली. मग बोटांच्या पेरांवर चामखिळी. मग तर्जनीवर एक जखम, जी भरेचना. "सुई लागली असेल," चिंगी म्हणायची. तो "मलम लाव" म्हणायचा आणि तोंड फिरवायचा. वीज सोडायचा वेळ मात्र त्यानं कमी केला, दहा मिनिटांचा दोनवर आणला. एवढं आपण करतोय, असं स्वतःला सांगायचा. बेशरम समाधान! अकराव्या महिन्यात जखमेला वास यायला लागला तेव्हा त्यानं पेटी बाहेर काढली.

"कालच आली," तो म्हणाला.

चिंगीनं ती हाडं निरखून पाहिली. "चला, माझी सुट्टी झाली. पण ह्याच्या बोटात टोपी नाही हो, शोभा गेली."

आधी तिची तर्जनी काढली. मग आणखी दोन बोटं. दुसऱ्या वर्षी मनगटाच्या वरून हातच काढावा लागला. प्रत्येक वेळी कापण्याआधी आतलं हाड बघायला फोटो लागायचा, आणि तो फोटोवाल्यालाच काढावा लागायचा. काच धुताना त्याला हुंदके आवरायचे नाहीत. बाहेर थोरले डॉक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "स्वतःला दोष देऊ नका. आपल्याला कुठे काही माहीत होतं!" त्यांचं खरंच होतं. त्यांना माहीत नव्हतं. फोटोवाल्याचे स्वतःचे हात तोवर बरे झाले होते, नुसते डाग राहिले होते.

शिवणखोली सुटली. इस्पितळानं चिंगीला चौकशीच्या खिडकीत बसवलं, अमका रोगी कुठल्या खोलीत आहे ते सांगायला. डाव्या हातानं लिहायला ती महिन्याभरात शिकली. खिडकीशी येणारा प्रत्येक माणूस बाहीकडे बघायचा आणि धीर करून विचारायचा, आणि चिंगी सगळ्यांना एकच सांगायची. "यंत्र नवीन होतं. त्या काळी कुणाला काय माहीत होतं!"

खिडकी हाडांच्या फोटोच्या खोलीसमोरच होती, मधे फक्त बोळ. दिवसातून चार वेळा तरी हे वाक्य फोटोवाल्याच्या कानावर यायचं. दर वेळी त्याला वाटायचं, आत्ता उठावं, बोळ ओलांडावा आणि सांगून मोकळं व्हावं. पण तेवढ्यात वाटायचं, बिचारीचा हात गेलाच आहे, आता निदान कुणाची चूक नव्हती हे समाधान तरी कशाला हिरावून घ्यायचं? हा विचार इतका सोयीचा होता की त्याचा त्यालाच संशय यायचा. खरं काय, तर बहिणीवरच्या दयेच्या नावाखाली हा गडी स्वतःला वाचवत होता.

घरी मात्र त्यानं सेवेचा कहर केला. तिच्या बुटांचे बंद बांधायचे, तिच्या ताटातलं कापून द्यायचं, ती पाणी प्यायला उठली की आपणच धावायचं. त्याची बायको वैतागायची. चिंगी म्हणायची, "दादा, माझा हात गेलाय, तोंड शाबूत आहे. हवं ते मी मागेन." यावर सगळे हसायचे. तोही हसायचा, आणि पुन्हा तिच्या ताटातलं कापायला लागायचा.

पेटी आली त्याला अशी एकवीस वर्षं झाली. थोरले डॉक्टर गेले. नळ्या सुधारल्या, नूर बघायची गरजच उरली नाही. फोटोवाल्याचं वय झालं, नोकरी संपत आली. इस्पितळानं यंत्रासाठी नवी इमारत बांधली होती, आणि नव्या डॉक्टरांनी ठरवलं की तिच्या दारात चिंगीची तसबीर लावायची. खाली ओळ लिहायची, विज्ञानासाठी हात देणारी. समारंभात तसबिरीवरचा पडदा चिंगीनं काढायचा आणि दोन शब्द बोलायचे.

चिंगी हरखून गेली. पंचेचाळीस वर्षांची बाई, पण शाळेतल्या पोरीसारखी चार दिवस भाषण पाठ करत होती. समारंभाच्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलाशी उभी राहून तिनं भावाला म्हणून दाखवलं.

"त्या काळी कुणालाच काही माहीत नव्हतं. माझ्या दादालाही नाही. माहीत असतं, तर माझ्या दादानं मला त्या खोलीच्या दारातसुद्धा उभं केलं नसतं." ती थांबली. "कसं वाटतं? 'माझा दादा' दोनदा आलाय, पण येऊ दे."

फोटोवाल्यानं हातातला चहा खाली ठेवला.

"चिंगे, ते वाक्य म्हणू नको."

"का? खोटं आहे का?"

"हो."

ती हसली. लाजतोय असं तिला वाटलं. मग त्याच्या तोंडाकडे बघून हसू थांबलं. त्यानं सगळं सांगितलं. पेटी, कागद, कपाट, शेगडी. नीट शब्द जुळवायचे म्हणून एकवीस वर्षं घेतली होती, पण एकही वाक्य धड जुळलं नाही.

चिंगी खुर्चीवर बसली. मग तिनं विचारलं. "पेटी आली ती नखं काळी पडायच्या आधी की नंतर?"

"आधी. तीन महिने आधी."

"आणि मला म्हणालास, कालच आली."

"हो."

"का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली गं. तू विचारलं असतंस, मग आजवर काय केलंस म्हणून."

"विचारलं असतं!" चिंगी ओरडली. "चांगलं खडसावून विचारलं असतं, दोन दिवस बोलले नसते तुझ्याशी. आणि आज मला हात असता!"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चिंगीचा आवाज चिरकला होता. "इतकी वर्षं मी त्या खिडकीत बसून जगाला सांगतेय, कुणाची चूक नाही, कुणाची चूक नाही. हात गेला तेव्हा मी कुणावर रागावले? कुणावरच नाही. रागावायला कुणी होतंच कुठे? देवावर नाही, यंत्रावर नाही. सगळा राग गिळला मी, दादा. आणि तू समोर बसून माझ्या ताटातलं कापून देत होतास!"



समारंभाला ती जाणार नाही असं त्याला वाटलं. पण ती वेळेवर तयार झाली, बुटांचे बंद तिनं दातांनी आणि डाव्या हातानं बांधले, आणि त्याच्यासाठी न थांबता निघाली.

दालन भरलं होतं. नवे डॉक्टर बोलले, त्याग म्हणाले, अज्ञानाचा काळ म्हणाले. मग चिंगीला पुढे बोलावलं. ती उठली. पडद्याच्या दोरीला तिनं हात लावला नाही.

"माझं भाषण पाठ होतं," ती म्हणाली, "पण ते खोटं निघालं. खरं काय ते माझ्या भावाला माहीत आहे. तो सांगेल."

आणि ती जागेवर जाऊन बसली. आता सगळी तोंडं फोटोवाल्याकडे वळली. तो उठला. पुढे गेला.

"आमच्याकडून एक चूक झाली," त्यानं सुरुवात केली.

"आमच्याकडून?" चिंगीनं पहिल्या रांगेतून विचारलं. मोठ्यानं नाही, पण ऐकू गेलं सगळ्यांना.

"माझ्याकडून," तो म्हणाला. "आणि चूक पहिल्या वर्षी होती. नंतरची चूक नव्हती. मला माहीत होतं." मग त्यानं सांगितलं, सगळं, एक शब्द न गाळता. मधेच नवे डॉक्टर उठले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "तो काळच तसा होता, त्याला कोण काय करणार." फोटोवाला त्यांना म्हणाला, "नाही हो डॉक्टर. पेटी मी लपवली, काळानं नाही." आणि पुढे सांगत राहिला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेतून कुणीतरी "शी!" म्हणालं, तेही त्यानं ऐकलं. पडदा तसाच राहिला.

परतताना चिंगी चार पावलं पुढे आणि हा मागे. दुकानं बंद होत होती. ट्रामच्या थांब्यापाशी ती उभी राहिली, तेव्हा तो जवळ गेला. माफ कर म्हणायचा त्याला हक्क नव्हता, हे त्याला कळत होतं, पण साठ वर्षांच्या माणसाला रस्त्यात रडू फुटलं की त्याचा काही इलाज चालत नाही.

"चिंगे, मला कधी माफ करशील का गं?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

"मला आज सकाळी कळलंय, दादा," ती म्हणाली. "तुला सांगायला एकवीस वर्षं लागली. मलाही तेवढी लागली तर तू थांबायचं."

"थांबतो," तो म्हणाला.